१०९५ पोलादाच्या लांब पात्याला पाणी देताना नेहमी एकाच बाजूला बाक येतो : कारण कसे शोधावे?

घरच्या कार्यशाळेत मी सुऱ्या तयार करते. ऐरणीवर ठोकून नव्हे, तर पोलादाची सपाट पट्टी घेऊन, तिच्यावर आकार आखून, कापून आणि बेल्ट ग्राइंडरवर घासून पाते काढते. लहान पाती ठीक होतात. अडचण आहे ती लांब आणि पातळ सुरीची, म्हणजे २१० मिमी लांबीचे पाते, पाठीशी २.५ मिमी जाडी आणि १०९५ या जास्त कार्बनच्या जातीचे पोलाद. पाणी देऊन, म्हणजे तापवून तेलात झटकन थंड करून कडक केल्यावर, असे पाते बाहेर काढले की त्याचा टोकाकडचा अर्धा भाग वळलेला दिसतो. मूठ हातात, धार खाली आणि टोक समोर असे धरले, तर तो उजवीकडे वळलेला असतो. जाड काचेवर ठेवून पाहिल्यास मध्यभागी दोन-तीन मिलिमीटरची फट राहते. बाक कधी कमी, कधी जास्त असतो, पण बाजू बदलत नाही. निव्वळ योगायोग असता तर तो कधीतरी डावीकडेही आला असता, म्हणून माझ्या कृतीतच काहीतरी एकतर्फी घडत असावे असा मला संशय आहे.

जाणकारांना अंदाज बांधता यावा यासाठी कृती सविस्तर देते. आकार कापून, मुठीच्या रिव्हेटसाठी भोके पाडून झाली की दोन्ही बाजूंचे उतार मी पाणी देण्याआधीच घासून घेते आणि त्या वेळी धारेची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर उरते. शेवटचा हात १२० नंबरच्या पट्ट्याने, पात्याच्या लांबीच्या दिशेने फिरवते. त्यानंतर पाते तीन वेळा, दर वेळी थोड्या कमी तापमानाला तापवून हवेत थंड होऊ देते. गॅसच्या भट्टीला एकच बर्नर आहे आणि तो बाजूच्या भिंतीतून तिरका आत येतो. मुठीत जाणारा भाग सांडशीत धरून पाते आत ठेवते, खोलीतला उजेड कमी करून रंगावर लक्ष ठेवते आणि मधूनमधून चुंबक लावून पाहते. चुंबकाने सोडले की थोडा वेळ आणखी तापवून पाते टोकाकडून सरळ उभे तेलात घालते. तेल साधे वनस्पती तेल आहे, ५० अंश सेल्सिअसपर्यंत कोमट केलेले. तेलात पाते हलवताना ते धार आणि पाठ यांच्याच दिशेने हलवते, आडवे कधीही हलवत नाही.

आणखी एक लक्षण आहे, पण त्याचा बाकाशी संबंध आहे की नाही हे मला ठरवता येत नाही. टोकाकडच्या भागावर कानस निसटते, म्हणजे तो कडक झाला आहे, पण मुठीजवळच्या दोन-तीन बोटांच्या पट्ट्यात ती पकडते आणि धातूचा कीस निघतो.

बाकाचे मूळ पोलादातील ताणात आहे, माझ्या घासण्यात आहे, तापवण्यात आहे की तेलात घालण्यात, हे वेगवेगळे करून कसे तपासावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे. वाकलेले पाते टाकून न देता सरळ करण्याची खात्रीची पद्धत कोणती, हेही कळल्यास आभारी राहीन. काही जण १०९५ सोडून १०८४ घेण्याचा सल्ला देतात. पण कारण न समजता पोलाद बदलले तर दोष तसाच राहील आणि मला तो कळणारही नाही, असे वाटते.

प्रतिसाद १

आपला संशय योग्य दिशेने आहे. प्रत्येक टप्प्यानंतर पाते काचेवर ठेवून पाहावे, म्हणजे निम्मे उत्तर मिळेल. तीन वेळा तापवून हवेत थंड केल्यानंतरच ते वाकलेले असेल, तर पट्टीतला ताण किंवा ते थंड होताना कसे ठेवले होते हे कारण असू शकते, आणि त्याच टप्प्यावर ते तापलेले असताना सहज सरळही करता येते. तेथे सरळ असून तेलानंतर वाकत असेल, तर त्याच पट्टीचा, त्याच लांबी-रुंदीचा एक तुकडा उतार न घासता तसाच सपाट ठेवून, अगदी याच कृतीने पाणी देऊन पाहावा. सपाट तुकडा सरळ राहिला तर दोष घासण्यात आहे. तोही उजवीकडे वळला तर भट्टी किंवा तेल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे पथ्य कंटाळवाणे आहे, पण त्याशिवाय काहीही सिद्ध होत नाही.

घासण्याबाबत एक आक्षेप नोंदवतो. १०९५ साठी अर्धा मिलिमीटर धार पाणी देण्यापूर्वी फारच पातळ आहे. किमान ०.८ ते १ मिमी ठेवावी आणि उरलेले नंतर काढावे. धार पाठीपेक्षा खूप पातळ असली की ती आधी थंड होते, आणि दोन्ही उतारांत थोडासाही फरक असेल तर बाक येण्याचे निमित्त मिळते.

पोलाद बदलण्याविषयी आपले म्हणणे मला पटते, पण दोन्हींतला फरक माहीत असावा. १०९५ मध्ये मँगनीज ०.३० ते ०.५० टक्के असते, तर १०८४ मध्ये ०.६० ते ०.९० टक्के. मँगनीज कमी म्हणून १०९५ ला फार लवकर थंड करावे लागते. ५४० अंशांच्या आसपासचा टप्पा सुमारे एका सेकंदाच्या आत ओलांडला गेला नाही, तर ते पूर्ण कडक होत नाही. कोमट वनस्पती तेल पातळ पात्याला पुरते, पण जाड भागाशी ते कमी पडू शकते. १०८४ या बाबतीत बरेच क्षमाशील आहे.

प्रश्नकर्तीचा पुढील तपशील

सपाट तुकड्याचा प्रयोग केला. हवेत थंड केल्यानंतर तो काचेवर पूर्ण टेकत होता. तेलातून काढल्यावर मात्र उजवीकडेच वळला, जरी पात्याइतका नव्हे. दुसरा तुकडा मी भट्टीत उलट बाजूने ठेवला, म्हणजे एरवी बर्नरकडे असणारी बाजू भिंतीकडे केली. तो डावीकडे वळला.

प्रतिसाद २

मग उत्तर आपणच शोधले आहे. बर्नरकडची बाजू जास्त तापते, दोन्ही बाजू वेगवेगळ्या तापमानाला तेलात उतरतात आणि कडक होताना पोलादाच्या अंतर्गत रचनेत होणारा बदल दोन्हींकडे एकाच क्षणी होत नाही. भट्टीत एक जाड लोखंडी नळी ठेवून तिच्या आत पाते तापवावे. ज्वाळा नळीला लागते, पात्याला थेट लागत नाही. नळीवर जस्ताचा मुलामा अजिबात नसावा, कारण त्या तापमानाला निघणारा जस्ताचा धूर विषारी असतो.

मुठीजवळ कानस पकडते, त्याचे कारणही बहुधा तेथेच आहे. तो भाग भट्टीच्या तोंडाशी असतो आणि सांडशी त्याची उष्णता ओढून घेते. चुंबक ७७० अंशांना सोडतो, पण १०९५ ला ८०० अंशांच्या जरा वर जावे लागते. टोक तेथे पोहोचले तेव्हा मुठीजवळचा भाग मागेच राहिलेला असतो. अंधारात नीट पाहिले तर तापणाऱ्या पात्यावर एक गडद सावली सरकताना दिसते. तापताना अंतर्गत रचना बदलत असते तेव्हा पोलाद उष्णता शोषून घेते, म्हणून ती पडते. ही सावली मुठीजवळच्या भागातूनही पूर्ण निघून जाईपर्यंत पाते बाहेर काढू नये. तापमान ताडायला मीठही उपयोगी पडते. शुद्ध मीठ ८०१ अंशांना वितळते, तेव्हा टाकाऊ तुकड्यावर चिमूटभर ठेवून तो नळीत सरकवावा आणि मीठ वितळते त्या वेळचा पोलादाचा रंग डोळ्यांत साठवावा.

कानस पकडते म्हणून लगेच पाते मऊ ठरवू नये. भट्टीत पृष्ठभागातला कार्बन जळतो आणि वर मऊ साल राहते. थोडा थर घासून पुन्हा कानस लावावी. तेव्हा निसटली तर आतले पोलाद कडक आहे.

वाकलेले पाते सरळ करण्याच्या दोनच वेळा आहेत. पहिली तेलातून काढल्याबरोबरची: १०९५ साधारण २०० अंशांच्या आसपास कडक होऊ लागते, त्यामुळे जाड हातमोजे घालून पाते काही क्षण दोन जाड सपाट पट्ट्यांमध्ये व्हाइसमध्ये आवळता येते. हाताला सोसेल इतके थंड झाल्यावर वाकवू नये, ते काचेसारखे तुटते. दुसरी वेळ म्हणजे कडक पात्याचा ठिसूळपणा कमी करण्यासाठी ते ओव्हनमध्ये तापवतानाची. पाते जाड लोखंडी पट्टीवर ठेवून, बाकाच्या जागी खाली एक तुकडा देऊन, जितका बाक असेल साधारण तितकेच उलट दिशेने क्लॅम्पने आवळावे आणि २०० अंशांवर दोन तास ठेवावे. पूर्ण थंड झाल्यावर सोडून पाहावे. बाक उरला असेल तर दुसऱ्या फेरीत तुकडा किंचित जाड घ्यावा. दोन तासांची दुसरी फेरी तशीही द्यायचीच असते, त्यामुळे वेळ वाया जात नाही.

यानंतर धार पातळ करताना पाते दर फेरीला पाण्यात बुडवावे आणि हातमोजे न घालता धरावे. बोटांना चटका बसू लागला की थांबावे. धारेवर निळी छटा आली, तर पोलाद तेथे ३०० अंशांच्या आसपास गेले आहे आणि तेवढा भाग घासून काढण्याखेरीज उपाय नाही.