पुलाच्या स्प्लाइस प्लेटमध्ये प्लाझ्माने बोल्टची भोके पाडावीत का?

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव):
खानापूर भागातील एका रस्तापुलाच्या गर्डरसाठी १६ मिमी जाडीच्या स्प्लाइस प्लेटा (गर्डरचे दोन तुकडे जोडणाऱ्या प्लेटा) आमच्या शेडमध्ये आल्या आहेत. २० मिमीच्या एचएसएफजी (उच्च ताकदीच्या, घर्षणाने पकड धरणाऱ्या) बोल्टसाठी २२ मिमीची भोके हवी आहेत. रेडियल ड्रिल (भोके पाडण्याचे मोठे यंत्र) एकच असून ते दुसऱ्या कामात अडकलेले आहे. तेव्हा सीएनसी प्लाझ्मावर (संगणकाने चालणाऱ्या, तप्त वायूच्या झोताने कापणाऱ्या यंत्रावर) प्लेटचा आकार कापतानाच भोकेही उरकून घेतली, तर चालेल का?

उत्तर (निपाणी):
आकार खुशाल कापा, पण अंतिम मापाचे भोक प्लाझ्माने पाडू नका. असे भोक वरून गोल दिसले तरी आत थोडे निमुळते असते आणि वर्तुळ जिथे पूर्ण होते, तिथे कडेला बारीकशी खाच राहते. पुलावर प्रत्येक वाहनागणिक ताण चढतो आणि उतरतो, आणि थकव्याची चीर नेमकी अशा खाचेतून सुरू होते. गोदामाच्या छपराला जे खपून जाते, ते इथे खपत नाही. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाच्या १९८४ च्या आवृत्तीत गॅस-कटिंगने भोके पाडण्यास मनाई होती. प्लाझ्माही उष्णतेनेच कापतो, त्यामुळे इन्स्पेक्टरने त्याच नियमाकडे बोट दाखवले, तर वाद घालायला जागा उरणार नाही.

उत्तर (मच्छे):
वरील मत मान्य आहे, पण प्लाझ्मा अगदीच निरुपयोगी नाही. लेखी परवानगी मिळत असेल, तर १७ मिमीचे भोक कापून ते ड्रिलने २२ पर्यंत वाढवता येते. हवेवरच्या प्लाझ्मात नायट्रोजन कडेत मुरतो व कड इतकी कडक होते की थेट रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारे हत्यार) घातल्यास त्याची धार लगेच जाते. दर बाजूला अडीच मिमी सोडले, की तो थर ड्रिलबरोबर निघून जातो. भोक कापताना वेग कमी ठेवावा आणि टॉर्चची (कापणाऱ्या तोंडाची) उंची आपोआप बदलणारी यंत्रणा बंद करावी. मात्र साधे ड्रिल आधीच्या भोकाच्या मागे जाते, म्हणून बुश बसवलेले जिग (ड्रिलला नेमकी वाट देणारा साचा) लागतेच.

उत्तर (चिकोडी):
जिग करायचेच आहे, तर प्लाझ्माचे भोक हवे कशाला? दोन-तीन प्लेटा एकत्र क्लॅम्प करून मॅग्नेटिक ड्रिल (चुंबकाने प्लेटला चिकटणारे) व कोअर कटरने (फक्त कडेने कापून मधला गाभा काढणाऱ्या हत्याराने) थेट २२ चे भोक पाडावे. रेडियलची वाटही पाहावी लागणार नाही. नंतर प्लेटा सुट्या करून प्रत्येक भोकाचा बर (कडेला उरलेला धारदार काठ) काढावा. या जोडात भार दोन पृष्ठभागांमधील घर्षणाने जातो आणि बर राहिला, तर बोल्ट पूर्ण आवळूनही प्लेटा एकमेकींना टेकत नाहीत.