तरण्या वाघांना पकडून दुसऱ्या जंगलात सोडावं का?

मोहफूल:
बछडा दीड-दोन वर्षांचा झाला की आई त्याला जवळ फिरकू देत नाही, आणि तिथल्या मोठ्या नराच्या हद्दीत रेंगाळला तर मार खातो. ताडोबा भरलंय, ब्रह्मपुरीचं जंगल भरलंय. मग तो शिवारात येणार नाही तर जाणार कुठे? पकडा आणि वाघ कमी आहेत तिथे सोडा. मे 2023 मध्ये नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्याच की दोन वाघिणी.

पायवाट:
वाघिणी सोडल्या, वाघ नव्हे. गोम इथेच आहे. मादी बहुतेक वेळा आईच्या शेजारीच बस्तान मांडते. नर लांब जातो, आणि तो जातो म्हणूनच रक्त बदलतं. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला 'वॉकर' नावाचा नर वाघ आठवा. 2019 मध्ये निघाला, तेलंगणात शिरला, सुमारे 3,000 किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. कपाशीतून, नाले धरून गेला. कुणी पिंजऱ्यातून नेलं नव्हतं.

मोहफूल:
आणि तिथे मिळालं काय? एकही वाघीण नाही! 205 चौरस किलोमीटरचा ब्रह्मचर्याश्रम.

पायवाट:
हे बरोबर मारलंत. पण उचलून नेलेलं जनावर तिथे टिकेलच असं कुठेय? ताडोबातली झीनत 2024 मध्ये ओडिशाच्या सिमलीपालला नेली. तिथल्या वाघांत आपसातलंच रक्त फिरतंय, अंगावरचे काळे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेत, म्हणून बाहेरची मादी हवी होती. बाई निघाल्या झारखंडमार्गे थेट बंगालात! डिसेंबरअखेर बांकुऱ्यात बेशुद्ध करून धरावं लागलं.

शिवारातला:
तुम्ही दोघंही तरण्या वाघाचंच धरून बसलात. आमच्याकडे एप्रिलात बाया पहाटे वाकून मोहफुलं वेचतात. समोर पिल्लंवाली वाघीण असू शकते, नाहीतर हद्द हरलेला, दात झिजलेला म्हातारा. त्याला हरीण झेपत नाही, मग ढोरं धरतो. त्याला कुठे सोडणार? आणि पायवाट, वाघ कपाशीतून गेला याचं तुम्हाला कौतुक. ती कपाशी वेचायला कोण जातं?

मोहफूल:
म्हाताऱ्याला नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात न्यायचं. त्यात वाद कसला?

पायवाट:
हद्द हरलेल्याला न्या, माझी ना नाही. पण लोकांच्या रेट्यात भलताच नर उचलला जातो, याची भीती आहे. हद्द धरून बसलेला नर गेला की आठ-पंधरा दिवसांत दुसरा येऊ शकतो, आणि तो आधी जुन्याची पिल्लं मारतो, म्हणजे वाघीण लवकर माजावर येते. पिल्लं वाचवायला ती जंगलाच्या कडेला सरकली, तर कडेला तुमचंच शिवार आहे. म्हणून पिंजरा लावण्याआधी कॅमेरा ट्रॅपवर, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यावर, नर कोणता आहे, त्याच्या हद्दीत पिल्लं किती महिन्यांची आहेत, एवढं तरी बघा.