मदत हवी आहे: मुलाचं एडीएचडीचं औषध (इंदूर)

मंडळी, आम्ही लोकमान्य नगरला राहतो. मुलगा ९ वर्षांचा. मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, अतिचंचलपणा) निदान करून मेथिलफेनिडेट ही गोळी सुरू केलीय. शाळेत आता लिहून पूर्ण करतो, पण डबा जसाच्या तसा परत येतो. भूक कमी होईल हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, वजन-उंचीही ते मोजतात. तरी जीव तुटतो हो. ज्यांची मुलं यावर आहेत, त्यांनी जेवणाचं कसं बसवलं? गोळीआधीच पोटभर न्याहारी, की रात्री उशिरा जेवण?

शिवाय औषध शेड्यूल एक्समधलं (विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीतलं), चिठ्ठी दोन प्रतींत लागते, जवळचे दुकानदार ठेवतच नाहीत. दवा बाजारात नियमित मिळतं का?

सासूबाई धास्तावल्यात, त्यांना कसं समजावू? औषध बंद करण्याचा सल्ला मात्र कृपया नको, ते डॉक्टरांशीच बोलू.