मदत हवी आहे – झुकिनीच्या बेक केलेल्या वड्या मऊच राहतायत

नमस्कार मंडळी, रविवारी नणंदेकडचे सगळे जेवायला येणारेत आणि सोलापुरात एवढं ऊन आहे की कढईपुढं उभं राहवत नाही, म्हणून स्टार्टरला तळण नको, ओटीजीत (छोट्या ओव्हनमध्ये) काहीतरी करू असं ठरवलं. मंडईत छान हिरवीगार झुकिनी मिळाली. काल एकदा करून बघितलं, किसून मीठ लावून १० मिनिटं ठेवली, पिळली, त्यात ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, चीज आणि आपली शेंगा चटणी घालून छोट्या चपट्या वड्या केल्या आणि १८० वर २० मिनिटं ठेवल्या. चव एकदम भारी आली हो, पण वरून नुसता रंग आला, खालचा कागद ओलाचिंब आणि मोडली की आत लगदा! झुकिनीत ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं हे माहितीय, मग मीठ लावून अर्धा तास ठेवून पंच्यात घट्ट पिळू का? की तापमान २०० करू? मधेच उलटायच्या का? अंडं चालणार नाही, सासूबाई खात नाहीत. आणि ऐनवेळी झुकिनी नाही मिळाली तर दुधीच्या जमतील का? कुणी केल्या असतील तर प्लीज नीट सांगा, शनिवारी परत करून बघणारे.