बारा बोअर एकनळी : घोडा पडतो, पण काडतूस फुटत नाही

हरभरा_वर्धा :
पीकसंरक्षण परवान्यावरची जुनी एकनळी बंदूक आहे (बारा बोअर हे नळीचं माप), मोडून भरायची, घोडा बाहेर असलेली. दुपारी बरोबर वाजते. पण सध्या थंडीत जागलीवर पहाटे डुकरं हाकलायला बार काढावा तर नुसता ‘टक्’ आवाज. घोड्याची स्प्रिंग बदलून घ्यावी का? तेल वेळच्या वेळी देतो.

जुनी_दुनाळी :
भाऊ, स्प्रिंगला इतक्यात हात लावू नका. आधी न फुटलेल्या काडतुसाची टोपी (बुडाशी असते, ठोका बसला की पेटते) पाहा, तीच सांगते. खोल आणि मधोमध ठसा असूनही फुटलं नाही, तर दोष काडतुसाचा. ठसा उथळ असेल तर पिन (घोड्याचा ठोका टोपीवर पोचवणारी) अडकते किंवा स्प्रिंग थकली. ठसा एका बाजूला गेला असेल तर बिजागरीचा खिळा झिजून नळी हलते, किंवा पिनचं भोक मोठं झालंय. ठसाच नसेल तर पिनचं टोक तुटलंय किंवा नळी पुरती बंद झालेली नाही. काडतूस ओढणाऱ्या पट्टीखाली कचरा साचला की नळीत बारीक फट राहते, तिथे टोकदार काडी फिरवून पाहा.

आणि तेल कोणतं देता? खोबरेल असेल तर कारण तेच. ते २४ अंशांखाली थिजतं. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे पारा १०-१२ पर्यंत उतरतो, मग पिन मेणात रुतल्यागत सरकते. दुपारी उन्हात तेल पातळ होतं अन् बंदूक शहाणी होते. मोबिल, ग्रीसही नको; धूळ आणि बारुदाची काजळी मिसळून त्याचा चिखल होतो.

बोरी_अरसड :
ठसा पाहायच्या आधीचं, कारण जीव यात जातो. ‘टक्’ झालं की बंदूक लगेच मोडू नका. काही काडतुसं उशिरा पेटतात. नळी मोकळ्या, मऊ जमिनीकडे धरून निदान ३० सेकंद थांबा, मग तोंड बाजूला ठेवून उघडा. बार ‘फुस्स’ असा हलका वाजला तर बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा. काडतुसातलं छऱ्यांमागचं बूच नळीत अडकलेलं असताना दुसरा बार काढला तर नळी फाटते.

पावसाळा काढलेली काडतुसंही तपासा. कागदी खोळ फुगली असेल, पितळेवर हिरवट डाग असेल तर बाजूला काढा. चुलीजवळ वाळवणं तर मुळीच नको.

हरभरा_वर्धा :
खोबरेलच देत होतो. ठसा मधोमध आहे पण उथळ. रिकामी नळी मोडून, घोडा किंचित मागे धरून पिन आगकाडीने आत दाबली, ती आतच राहिली, बाहेर आली नाही.

जुनी_दुनाळी :
मग घाण बसलीय, स्प्रिंग शाबूत असण्याचीच शक्यता जास्त. पिन अडवणारा स्क्रू खाचेत नेमका बसणाऱ्या पेचकसाने काढा. पातळ पातं घातलं की खाच फाटते. पिन आणि तिची छोटी स्प्रिंग असेल तर तीही रॉकेलमध्ये तासभर भिजत ठेवा, भोक कापसाच्या वातीने पुसा, सगळं कोरडं होऊ द्या. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, उरलेलं फडक्याने टिपून घ्या. काडीने दाबून सोडली की पिन सहज मागेपुढे व्हायला हवी.

घोडा पूर्ण पडलेला असताना पिन साधारण १ ते १.५ मिमी बाहेर दिसावी, टोक गोल हवं. कमी दिसली तर घरी कानस लावू नका. टोकदार झालेली पिन टोपी भोसकते आणि गॅस मागे चेहऱ्यावर येतो. हे काम परवानाधारक बंदूक कारागिराचं. रिकाम्या नळीवर घोडा पाडून चाचणी घ्यायची असेल तर डमी (बिनबारुदाचं) काडतूस वापरा, नाहीतर पिनचं टोक जातं. आणि बंदूक कोपऱ्यात नळी वर करून उभी ठेवू नका, नळीतलं तेल उतरून पिनच्या घरातच जमतं.

बोरी_अरसड :
एक राहिलं. परवाना पीकसंरक्षणाचा असला तरी डुक्कर मारायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी वेगळी लागते. ती हातात नसताना बंदूक जनावरावर रोखू नका.