अनुभव धागा: लॉकडाऊनमधली सरकारी मदत हातात पडली का?

मे 2020 मध्ये कर्नाटक सरकारनं 1,610 कोटींची मदत जाहीर केली. रिक्षा-टॅक्सीवाले, न्हावी, परीट यांना 5,000 रुपये, बांधकाम मजुरांना आधीच्या 2,000 वर आणखी 3,000. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणाला काय मिळालं? स्वतःचं, घरातलं लिहा. ऐकीव नको.

माझंच आधी सांगते. बाबा बेळगावच्या खासबागेत दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामाला होते. बंद जाहीर झाला तेव्हा अर्धी साडी मागावर तशीच राहिली. बाबा चार दिवसाआड किल्ली मागून जायचे, धूळ झटकून यायचे. मदतीच्या अर्जाला मालकाची सही हवी होती, हा माझा कामगार म्हणून. दर दिवाळीला घरी कापड पाठवणारा माणूस, पण सही देईना. आज सही दिली तर उद्या पीएफ मागतील, ही भीती. बाबांनी त्याला एक शब्द बोलून दाखवला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. जून 2021 मध्ये यंत्रमाग कामगारांना 3,000 जाहीर झाले, तेव्हा तो आपण होऊन सही द्यायला आला. तोवर बाबा वडगावात भाजी विकत होते.

गवंडी, खानापूर तालुका
मला 2,000 आणि 3,000 दोन्ही आले, खोटं का बोलू. लेबर कार्ड, म्हणजे बांधकाम मजूर म्हणून सरकारी नोंदणी, आधीच काढलेलं, पोरीच्या शिष्यवृत्तीसाठी. पण माझ्या हाताखाली तीन बायका विटा-वाळू वाहतात, त्यांना रुपया नाही. कार्डाला 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज या साइटवर, उद्या त्या. लिहून देणार कोण?

रिक्षा, बेळगाव
गाडी भाड्याची. मालकानं त्याच नंबरावर अर्ज भरून 5,000 उचलले. मला कळलं तेव्हा मुदत संपलेली.

निपाणी
आई विड्या वळते. पान-तंबाखू येणंच बंद झालं, मग हजारी, म्हणजे हजार विड्यांमागची मजुरी, कसली मिळणार? जनधन खात्यात 500 रुपये तीन महिने आले आणि रेशनचा तांदूळ. तांदळानं तगलो. 500 रुपये काढायला आई बँकेपुढं चुन्याच्या गोलात दोन तास उभी राहायची.

शिनोळी, ता. चंदगड
बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम, आधार महाराष्ट्राचं. सीमा बंद झाली आणि मी ना इकडचा ना तिकडचा. पीएफमधून उचल मिळाली, लवकर मिळाली. पण ते माझेच पैसे होते हो, त्याला मदत कसं म्हणू?

धागाकर्ती
खानापूरचे दादा, त्या तिघींना नंतर कार्ड मिळालं का?

गवंडी, खानापूर तालुका
दोघींना मिळालं, युनियनवाल्यांनी दाखला दिला. तिसरी त्याआधीच गोव्याला कामाला गेली. तिचा नंबर आता लागत नाही.