अनोळखी कंपनीचं चावीचं घड्याळ घेतलंय, पुढे निभेल ना?

तिरकाकाटा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत होतं ते घड्याळ शेवटी घेतलं. कंपनी इतकी छोटी की नाव सांगितलं तर निम्मे जण "काय म्हणालात?" विचारतील, म्हणून सांगतच नाही. तबकडी 1930च्या दशकातल्या सेक्टर डायलच्या (रेघा-वर्तुळांनी भाग पाडलेल्या तबकडीच्या) धर्तीवर, सहाच्या जागी सेकंदांची छोटी तबकडी, तारीख नाही. केस 36 मिमी. काच फुगीर, अ‍ॅक्रिलिकची. तिरकं धरलं की कडेच्या रेघा वाकलेल्या दिसतात, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यावरच मी विरघळलो. आत ईटीए 7001 हे चावीचं स्विस यंत्र.

आता शंका. चावी बाहेर ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, आपला फिरतोच आहे. हा दोष का? दिवसाला दहा-बारा सेकंद पुढे जातं, ते चालण्यासारखं आहे का? क्वार्ट्झवाले मित्र हसतात, त्यांचं सोडा. खरी धास्ती वेगळीच आहे: उद्या कंपनीने गाशा गुंडाळला तर हे दुरुस्त कोण करणार?

जुनाबॅलन्स

दोष नाही. 7001 मध्ये सेकंदकाटा थांबवायची सोयच नसते. मिनिटकाटा नेमका रेघेवर असताना सेकंदकाटा साठावर असेल एवढं जुळवा आणि पुढचं सोडून द्या. अगदीच हट्ट असेल तर घड्याळ पूर्ण उतरू द्या, काटा ज्या सेकंदाला थांबला असेल तो सेकंद आला की चावी द्यायला लागा.

बारा सेकंदांचं काय घेऊन बसलात! दिवसाचे सेकंद 86,400. क्रोनोमीटर, म्हणजे खास अचूक, म्हणून प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यंत्रांनाही सीओएससी ही स्विस तपासणी संस्था दिवसाला सरासरी उणे 4 ते अधिक 6 सेकंदांची मुभा देते, आणि तुमचं यंत्र त्या परीक्षेला बसलेलंसुद्धा नाही. एक करून पाहा. रात्री काढून ठेवताना कधी तबकडी वर, कधी चावी वर, कधी चावी खाली असं ठेवा. एखाद्या स्थितीत ते थोडं मागे पडत असेल तर रोज तसंच ठेवायचं, दिवसभराची आघाडी रात्रीत कापली जाते.

आता कंपनी. तबकडीवर नाव कुणाचं आहे याला मी फार भाव देत नाही. नोमॉस या जर्मन कंपनीने 1992 मध्ये टँजेंटे हे घड्याळ आणलं तेव्हा त्याच्या आतही हेच 7001 होतं. अडीच मिमी जाडीचं, 17 खड्यांचं (चाकांची घासाघीस कमी करणारे माणकाचे खडे), साधं-सरळ यंत्र आहे, कुठलाही जाणता घड्याळजी डोळे मिटून उघडेल. अडतं ते यंत्राच्या बाहेर. तुमच्या केसची चावी, काटे, तबकडी हे त्या कंपनीचंच असतं. काट्यांची भोकं यंत्राच्या मापाची असल्यामुळे दुसरे काटे बसतील, पण घड्याळाचा चेहरा बदलेल. तेव्हा कंपनी जिवंत आहे तोवर एक जादा चावी आणि काट्यांचा एक संच मागवून डबीत टाका. काचेची चिंता नको, गोल अ‍ॅक्रिलिक काचा व्यासाच्या मापाने, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मिळतात. नीलम काच, त्यातून खास घुमटाकार, असती तर तीही आधी घ्या म्हटलं असतं.

सतरा_खडे

वरच्या प्रतिसादाला एक जोड. अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जायला लागलं तर लगेच खोलायला देऊ नका. हेअरस्प्रिंगला, म्हणजे घड्याळाची गती ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व लागलेलं असू शकतं: वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते, घड्याळ धावत सुटतं. टॅबलेटच्या कव्हरमधलं चुंबक, स्पीकर, पर्सचं बटण, काहीही पुरतं. होकायंत्राजवळ धरा, सुई थरथरली तर समजा. चुंबकत्व घालवायला मिनिटभरही लागत नाही.

आणि चावी मनगटावरून काढून द्या. हातात असताना दिली की बोट तिरकं लागतं, चावीच्या दांड्यावर ताण येतो. घट्ट लागली की थांबायचं, अजून एक फेरा म्हणून जोर करायचा नाही.

तिरकाकाटा

दोघांचेही आभार. काट्यांचं मनातसुद्धा आलं नव्हतं, कंपनीला मेल टाकला. मालक स्वतःच उत्तरं देतात असं दिसतंय, चावी पाठवतो म्हणाले, काटे मात्र निळ्या रंगाचेच शिल्लक आहेत. माझे काळे आहेत. घेऊ का?

काचेवर बारीक चरे आत्ताच दिसतायत, ते जातात का? आणि पट्ट्याची जागा 19 मिमी आहे, पट्टे सगळे 18 नाहीतर 20चे.

जुनाबॅलन्स

निळे घेऊन ठेवा, नसण्यापेक्षा बरे. चरे जातात, अ‍ॅक्रिलिकचा तोच तर फायदा. पॉलिशची पेस्ट मऊ फडक्यावर घेऊन हलक्या हाताने गोल-गोल घासा. केसच्या कडेला आधी चिकटपट्टी लावा, नाहीतर पेस्ट फटीत जाऊन पांढरी बसते.

19 मिमी ही कंपन्यांची खोड आहे, मला ती कधीच कळली नाही. 18चा घालू नका, दोन्हीकडे फट दिसते आणि पट्टा डुलतो. मऊ चामड्याचा 20चा दाबून बसतो, पण कडा चुरगळतात. मापाचा शिवून घ्या, आणि घेताना दोन घ्या.